व्यवस्थापनशास्त्राचा पाया आणि प्रवरेचा कारखाना

१. प्रश्नाचे स्वरूप

विद्यापीठांतून शिकविल्या जाणाऱ्या शास्त्रांपैकी व्यवस्थापनशास्त्र हे वयाने अगदी अलीकडचे होय. या शास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमात ‘व्यवस्थापनाची मूलतत्त्वे’ या नावाची एक अभ्यासपत्रिका बहुधा असतेच. तीत फ्रेडरिक टेलर, आन्री फायोल, एल्टन मेयो, चेस्टर बर्नार्ड या मंडळींची मते क्रमाने मांडलेली असतात. पुणे विद्यापीठाच्या कक्षेतील अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हा विषय घेणारा विद्यार्थी हीच नावे पाठ करतो. मात्र ज्या जिल्ह्यात बसून तो ही नावे पाठ करीत असतो, त्याच जिल्ह्यात १९४५ ते १९६० या पंधरा वर्षांत व्यवस्थापनाच्या मूलतत्त्वांची एक निराळीच घडण प्रत्यक्ष व्यवहारात सिद्ध होत होती, ही गोष्ट त्याच्या पाठ्यपुस्तकात सहसा आढळत नाही. आढळली तरी ती ‘सहकार’ नावाच्या शेवटच्या प्रकरणात, परिशिष्टासारखी येते.

ही उपेक्षा केवळ प्रादेशिक अभिमानाला डिवचणारी असती तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. प्रश्न शास्त्राचा आहे. कोणत्याही शास्त्राच्या पायात जी गृहीतके असतात, ती त्या शास्त्राच्या जन्मस्थानाकडून आलेली असतात. व्यवस्थापनशास्त्राची गृहीतके पोलादाच्या कारखान्यात, कोळशाच्या खाणीत व टेलिफोन कंपनीत तयार झाली. ऊस पिकविणारा शेतकरीच ज्या कारखान्याचा मालक आहे, तेथे ती गृहीतके कितपत टिकतात, याची परीक्षा प्रवरेच्या काठी झाली. तिचा निकाल लक्षात न घेता केलेले अध्यापन अपुरे राहते, एवढेच नव्हे तर व्यवहारातही त्याची किंमत मोजावी लागते. याच दृष्टीने त्या इतिहासाची येथे मांडणी केली आहे.

२. पाश्चात्त्य पाया व त्यातील गृहीतके

उद्योगधंद्याचे शिक्षण विद्यापीठात द्यावे ही कल्पना अमेरिकेत प्रथम रुजली. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील व्हॉर्टन विद्यालय १८८१ मध्ये व हार्वर्ड विद्यापीठातील व्यवसाय-शिक्षणाचे विद्यालय १९०८ मध्ये सुरू झाले. परंतु शिकवावयाचे काय, याविषयी तेथेही दीर्घकाळ संदिग्धता होती. हिशेबशास्त्र, व्यापारी कायदा व अर्थशास्त्र हे विषय तयार होते. खुद्द व्यवस्थापनाचे शास्त्र मात्र अजून व्हावयाचे होते.

ते घडविणाऱ्यांत पहिले नाव टेलर याचे. मिडव्हेल व बेथलेहेम येथील पोलाद कारखान्यांत त्याने कामाचे तुकडे पाडले, प्रत्येकाला लागणारा वेळ मोजला आणि मजुराने काम कसे करावे हे ठरविण्याचा अधिकार मजुराकडून काढून व्यवस्थापकाकडे दिला. त्याचा ग्रंथ १९११ चा. दिवसाला साडेबारा टन लोखंड उचलणारा मजूर योग्य पद्धतीने सत्तेचाळीस टन उचलू शकतो, हे त्याचे उदाहरण त्या ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाले. फायोल हा फ्रान्समधील खाण-उद्योगातील अभियंता व पुढे त्याच कंपनीचा प्रमुख. त्याने १९१६ मध्ये योजना, संघटन, आज्ञा, समन्वय व नियंत्रण अशी व्यवस्थापनाची पाच अंगे सांगितली व चौदा तत्त्वे मांडली. विद्यापीठांच्या दृष्टीने फायोलचे खरे महत्त्व याहून निराळे आहे. व्यवस्थापन शिकविता येते, आणि ते शाळा-महाविद्यालयांत शिकविले जात नाही याचे कारण त्याचा सिद्धांत अजून कोणी मांडलेला नाही हे आहे, असा त्याचा आग्रह होता. आज जगभर जे व्यवस्थापन-शिक्षण चालते, त्याचा तात्त्विक आधार या आग्रहात आहे.

पुढे शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात प्रयोग झाले. त्यांचा अर्थ लावताना मेयो व त्याच्या सहकाऱ्यांनी कामगारांच्या आपसांतील संबंधांचे महत्त्व दाखवून दिले. न्यू जर्सी बेल टेलिफोन कंपनीचा अध्यक्ष बर्नार्ड याने १९३८ च्या आपल्या ग्रंथात संघटना म्हणजे माणसांच्या सहकार्याची एक पद्धती होय, असे प्रतिपादन केले. १९५४ मध्ये पीटर ड्रकर याचा व्यवस्थापनाच्या व्यवहारावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि व्यवस्थापक हा समाजातील एक स्वतंत्र व प्रमुख वर्ग आहे, ही कल्पना सर्वमान्य झाली.

या विचारवंतांत परस्पर मतभेद पुष्कळ आहेत. तथापि बर्नार्डचा काहीसा अपवाद सोडला तर तीन गोष्टी सर्वांनी न बोलता मान्य केल्या आहेत. भांडवल पुरविणारा, कच्चा माल पुरविणारा व श्रम पुरविणारा हे तीन निरनिराळे पक्ष आहेत, ही पहिली. आज्ञा वरून खाली जाते, ही दुसरी. संस्थेच्या यशाचे माप नफा हे आहे, ही तिसरी. बर्नार्डने मालाचे गिऱ्हाईकही संघटनेच्या घटकांत धरले होते व अधिकार हा आज्ञा पाळणाऱ्याच्या संमतीवर उभा असतो असे म्हटले होते; म्हणून पुढील विवेचनात त्याचे नाव पुन्हा येईल.

३. नगर जिल्ह्यातील पूर्वपीठिका

अहमदनगर जिल्हा हा मूळचा अवर्षणप्रवण मुलूख. त्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले ते कालव्यांमुळे. गोदावरीचे कालवे कोपरगाव भागात आले. अकोले तालुक्यात भंडारदरा येथे प्रवरेवर बांधलेले धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले, आणि ओझर येथील बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या व उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या बाजूच्या जमिनीला बारमाही पाणी दिले. सरकारची मूळ दृष्टी दुष्काळनिवारणाची होती. परंतु कालव्याचा खर्च भरून निघावयाचा तर पाणीपट्टी देऊ शकणारे पीक हवे होते. ते पीक ऊस हे ठरले.

या उसाचा धनी कोण, हा खरा प्रश्न होता. शेतकऱ्याजवळ पाणी आले, पण भांडवल नव्हते. सावकाराचे कर्ज काढून लावलेल्या उसाचा गूळ करावयाचा व तो बाजारात मिळेल त्या भावाने विकावयाचा, असा क्रम होता. १९३० नंतरच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले तेव्हा अनेक बागाईतदार कर्जात बुडाले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले. त्याचा लाभ मुख्यतः खाजगी कारखान्यांना झाला. जिल्ह्यात हरेगाव येथे बेलापूर कंपनीचा व टिळकनगर येथे महाराष्ट्र शुगर मिल्सचा असे कारखाने उभे होते. या कारखान्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेतल्या व त्यांवर स्वतःचे ऊसमळे पिकविले. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना ‘खंडकरी’ हे नाव पडले, आणि त्यांच्या हक्काचा प्रश्न पुढे कित्येक दशके जिल्ह्याच्या राजकारणात राहिला. कमाल जमीनधारणेच्या १९६१ च्या कायद्यान्वये या मळ्यांच्या जमिनी काढून घेण्यात आल्या व १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे त्या गेल्या.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहता हरेगावची पद्धती पाठ्यपुस्तकाला धरून होती. मुंबईतील डब्ल्यू. एच. ब्रॅडी आणि कंपनी ही तेथील व्यवस्थापक पेढी. मालकी भागधारकांची, नियंत्रण पेढीचे, जमीन खंडाची, मजूर रोजंदारीचे. कच्च्या मालाची शाश्वती हवी म्हणून मळा आणि कारखाना एकाच आज्ञेखाली आणलेले. यंत्र चालू राहावे यासाठी शेती कारखान्याच्या अंकित करणे हा त्या व्यवस्थेचा गाभा. देशभर रूढ असलेली ही व्यवस्थापक-पेढीची पद्धती कायद्याने अखेर १९७० मध्ये बंद झाली.

४. प्रवरेचा प्रयोग

याला पर्याय निघाला तो लोणी बुद्रुक या गावातून. तेथील श्री. विठ्ठलराव विखे पाटील हे अल्पशिक्षित शेतकरी. गावात १९२३ मध्ये त्यांच्या पुढाकाराने सहकारी पतपेढी निघाली होती. पतपेढीच्या कामातून दोन गोष्टी सिद्ध झाल्या होत्या. एक, वेळेवर मिळालेले कर्ज शेतकरी फेडतो. दुसरी, फेड करूनही त्याच्या हाती फारसे उरत नाही, कारण मालाच्या प्रक्रियेतील लाभ दुसरीकडे जातो. तेव्हा प्रक्रियेचा कारखानाच शेतकऱ्यांनी काढावा, हा विचार त्यातून ओघाने आला.

दक्षिणेतील कालव्यांवरील बागाईतदारांची परिषद १९४५ मध्ये बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे भरली. तिचे अध्यक्ष प्रा. धनंजयराव गाडगीळ हे होते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे ते १९३० पासूनचे संचालक. भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्येच प्रसिद्ध झालेला. सहकारी साखर कारखान्याच्या कल्पनेला या परिषदेत चालना मिळाली. त्यानंतर श्री. विखे पाटील यांनी गावोगाव हिंडून भाग गोळा केले. मुंबई राज्याच्या मंत्रिमंडळात अर्थ व सहकार ही खाती श्री. वैकुंठभाई मेहता यांच्याकडे होती. त्यांचे साहाय्य झाले. संस्थेची नोंदणी १९४८ मध्ये झाली. सरकारने भागभांडवलात वाटा उचलला, औद्योगिक वित्त महामंडळाने कर्ज दिले, आणि १९५०-५१ च्या हंगामात कारखान्याच्या गव्हाणीत पहिली मोळी पडली. अध्यक्षपद प्रारंभीची दहा वर्षे प्रा. गाडगीळ यांच्याकडे व उपाध्यक्षपद श्री. विखे पाटील यांच्याकडे होते.

प्रवरेचा कारखाना आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून उल्लेखिला जातो. हा उल्लेख जपून करावयास हवा. आंध्रातील एटिकोप्पाका येथे १९३० नंतरच्या दशकातच सहकारी तत्त्वावर साखर कारखाना निघाला होता. प्रवरेचे वैशिष्ट्य पहिलेपणात नाही. जी पद्धती येथे बसविली गेली ती इतरांना उचलता आली, यात ते आहे. राहुरी, कोपरगाव, संगमनेर, श्रीरामपूर, नेवासे, श्रीगोंदे या तालुक्यांत आणि पुढे सर्व महाराष्ट्रात सहकारी कारखाने उभे राहिले ते याच घडणीवर. ज्या अनुभवाचे अनुकरण दुसऱ्या ठिकाणी नियमाने करता येते, त्यात काही सिद्धांत दडलेला असतोच. तो सिद्धांत कोणता, हे आता पाहू.

५. चार कोडी

पहिले कोडे मालकीचे. कारखान्याचा सभासद भाग घेतो तो आपल्या उसाच्या क्षेत्राच्या मानाने. पण मताचा अधिकार प्रत्येकाला एकच. रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये घालून दिलेले आणि मुंबई राज्याच्या १९२५ च्या सहकारी कायद्याने मान्य केलेले हे तत्त्व. रॉचडेल येथे मात्र एक दुकान चालवावयाचे होते. येथे अहोरात्र चालणारा यंत्रोद्योग होता. सभासद हा मालक, मालपुरवठादार आणि मतदार या तिन्ही भूमिका एकाच वेळी करतो. मालक म्हणून त्याला कारखान्याचा खर्च कमी हवा, पुरवठादार म्हणून उसाचा भाव जास्त हवा, आणि मतदार म्हणून आपले गाऱ्हाणे ऐकणारा संचालक हवा. तीन पक्षांचे हितविरोध पाठ्यपुस्तकात बाजारपेठ किंवा वाटाघाटी सोडवितात. येथे ते एकाच माणसाच्या मनात एकवटलेले होते.

दुसरे कोडे वेळेचे. तोडलेल्या उसातील साखर तासातासाने घटते. म्हणून तोड आणि गाळप यांत अंतर राहता कामा नये. ऊस पक्व होण्याचा काळही ठरलेला आहे. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू व खोडवा या प्रत्येकाची पक्वता निराळी. थंडीच्या मध्यात साखरेचा उतारा सर्वांत चांगला, हंगामाच्या दोन्ही टोकांना कमी. फेब्रुवारीनंतर शेतात उभ्या राहिलेल्या उसाचे वजन उन्हाने घटते. त्यामुळे प्रत्येक सभासदाला आपला ऊस योग्य वेळी जावा असे वाटणार, आणि सर्वांचा ऊस एकाच वेळी जाणे तर अशक्य. चीफ केमिस्टला उतारा हवा, चीफ इंजिनियरला अखंड पुरवठा हवा, सभासदाला रान लवकर मोकळे व्हावयास हवे.

उत्तर भारतात ऊस तोडून कारखान्याच्या फाटकापर्यंत आणण्याचे काम शेतकऱ्याचे. महाराष्ट्रातील सहकारी कारखान्यांनी ते काम स्वतःकडे घेतले. लागवडीची नोंद गट कार्यालयात तारखेनिशी करावयाची, त्या क्रमाने तोडीचा कार्यक्रम आखावयाचा, शेतकी खात्याच्या माणसाने उसाची पाहणी करावयाची, आणि कारखान्याने पाठविलेल्या टोळीने तोड करून वाहतूक करावयाची, अशी ही पद्धती. तिच्या जोडीला दुसरा नियम आला: ऊस केव्हाही तुटला, कितीही लांबून आला, तरी सर्वांना टनामागे भाव एकच. या नियमाने काहींवर थोडा अन्याय होतो हे उघड आहे. परंतु भाव प्रत्येकाच्या उताऱ्यावर ठेवला असता तर तोडीच्या क्रमावरून भांडणे विकोपाला गेली असती. नोंदीच्या तारखेला सर्वांनी मानावे, यासाठी तोटा-फायदा सर्वांनी वाटून घेतला. हरेगावने जे आज्ञेने साधले, ते प्रवरेने नोंदवही आणि समान भाव यांच्या बळावर साधले. बर्नार्डच्या भाषेत सांगावयाचे तर येथील अधिकार हा मानणाऱ्याच्या संमतीवर उभा होता, आणि त्या संमतीची किंमत भावाच्या नियमात घालून ठेवली होती.

तिसरे कोडे यशाच्या मापाचे. कंपनीत कच्च्या मालाची किंमत हा खर्च; तो वजा जाता उरतो तो नफा. सहकारी कारखान्यात क्रम उलटा आहे. साखर विकली, मजुरी, कर्जाचे हप्ते व इतर खर्च वजा केले, की उरते ती उसाची किंमत. हंगामाच्या आरंभी पहिला हप्ता द्यावयाचा, आणि हिशेब झाल्यावर अंतिम भाव ठरवावयाचा. म्हणजे येथे कच्च्या मालाची किंमत हीच शिल्लक होय, आणि भागावरील लाभांश कायद्यानेच मर्यादित केलेला. सभासद आपल्या संचालकांची पारख शेजारच्या कारखान्याने टनामागे किती दिले यावरून करतो.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. अंतिम भावाचा जादा हिस्सा हा खर्च मानावा की नफ्याची वाटणी, यावर प्राप्तिकर खाते आणि सहकारी कारखाने यांच्यात अनेक वर्षे वाद चालला. सरकारने ठरविलेल्या वा मान्य केलेल्या दरापर्यंतची रक्कम खर्च म्हणून धरण्याची तरतूद २०१५ मध्ये कायद्यात झाली. २०१६-१७ या आकारणी वर्षापूर्वीच्या रकमांबाबतचा मार्ग २०२३ च्या अर्थसंकल्पाने मोकळा केला. ज्या व्यवस्थापनशास्त्राने व हिशेबशास्त्राने नफ्याची एकच व्याख्या गृहीत धरली, त्याच्या अपुरेपणाचा हा आर्थिक दंड होता, असे म्हणावयास हरकत नाही.

याच कोड्याची दुसरी बाजू भांडवलाची. भाव जास्तीत जास्त द्यावयाचा तर यंत्रसामग्री वाढवावयास पैसा कोठून आणावयाचा? यासाठी उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम कापून ‘परतीची’ व ‘बिनपरतीची’ ठेव जमा करण्याची युक्ती योजण्यात आली. सभासदाच्या हातात पडण्यापूर्वीच त्याच्या बचतीचे भांडवल झाले. कारखान्याची गाळपशक्ती वाढली, जिल्ह्यात शाळा, महाविद्यालये व दवाखाने उभे राहिले ते या शिस्तीतून. लोणी येथील प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था १९६४ ची आहे.

चौथे कोडे तज्ज्ञ आणि लोकप्रतिनिधी यांचे. संचालक मंडळ निवडून येते; कारखाना चालवितो तो पगारी तज्ज्ञवर्ग. फायोलचे आज्ञेच्या एकतेचे तत्त्व येथे पाळणे अवघड, कारण प्रत्येक सभासद स्वतःला तज्ज्ञाचा मालक समजतो. प्रवरेला प्रारंभी अध्यक्षच असा मिळाला की ज्याला कोणत्याही गटाचा ऊस आधी तोडून घ्यावयाचा नव्हता. प्रा. गाडगीळ हे ऊसवाले नव्हते आणि त्या भागातील मतांवर त्यांचे राजकारण अवलंबून नव्हते. गावाची नाडी श्री. विखे पाटील यांच्या हाती आणि हिशेबाची शिस्त अध्यक्षाच्या हाती, ही जोडी म्हणजे या कोड्याचे तत्कालीन उत्तर होते. मात्र ते व्यक्तींवर आधारलेले उत्तर होते. गाडगीळ सर्व कारखान्यांना मिळणे शक्य नव्हते. पुढे सर्वत्र संचालक मंडळांवर स्थानिक नेतृत्व आले, कारखाना हे राजकीय सत्तेचे केंद्र बनले, आणि चौथे कोडे बहुतेक ठिकाणी अनुत्तरितच राहिले.

६. विद्यापीठाने घेतलेला मार्ग

या काळात विद्यापीठे काय करीत होती? मुंबईत सिडनहॅम महाविद्यालयापासून, म्हणजे १९१३ पासून, वाणिज्य शिक्षणाची परंपरा होती. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये सुरू झाले. नगर येथे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी १९४७ मध्ये अहमदनगर महाविद्यालय स्थापिले होते. जिल्ह्यात उच्च शिक्षणाची सोय त्यामुळे झाली. १९५३ मध्ये कलकत्त्यात व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी स्वतंत्र संस्था निघाली. १९६१ मध्ये कलकत्ता व अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. पहिलीला मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेचे व दुसरीला हार्वर्डचे साहाय्य होते. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ मध्ये स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने आली. पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापनशास्त्र विभाग १९७१ चा.

दुसरीकडे सहकाराच्या प्रशिक्षणाची वेगळी वाट तयार झाली. श्री. वैकुंठभाई मेहता यांच्या नावाने पुण्यात १९६७ मध्ये सहकारी व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. गुजरातमध्ये आणंद येथे ग्रामीण व्यवस्थापनाची संस्था १९७९ मध्ये निघाली. या संस्थांचे कार्य मोठे आहे. तथापि त्यांच्या स्वतंत्र अस्तित्वामुळे एक विभागणीही पक्की झाली. विद्यापीठातील विभागांनी कंपनीचे व्यवस्थापन हेच ‘व्यवस्थापन’ मानले. सहकाराचे व्यवस्थापन हा एक विशेष, स्थानिक व काहीसा दुय्यम विषय ठरला. योगायोग असा की प्रा. गाडगीळ हे १९६६-६७ मध्ये पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. परंतु लवकरच ते नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदावर दिल्लीस गेले, आणि १९७१ मध्ये, व्यवस्थापनशास्त्र विभाग निघाला त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले.

सहकारी कारखान्यांचा खोल अभ्यास विद्यापीठांत झालाच नाही असे मात्र नव्हे. तो झाला, पण इतर शास्त्रांत. पुणे विद्यापीठातील राज्यशास्त्र विभागाचे डॉ. ना. र. इनामदार यांचा सरकार आणि सहकारी साखर कारखाने यांच्या संबंधांवरील ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. समाजशास्त्रज्ञ डॉ. बी. एस. बाविस्कर यांनी याच जिल्ह्यातील कोपरगावच्या कारखान्याचा वर्षानुवर्षे अभ्यास केला; त्यांचा ग्रंथ १९८० चा. व्यवस्थापनशास्त्राला धक्का देईल असे एक निरीक्षण या अभ्यासात आहे. कारखान्यातील गटबाजी आणि निवडणुकीची चुरस यांमुळे कार्यक्षमता घटलीच पाहिजे, असे नाही. विरोधी गट डोळ्यांत तेल घालून हिशेब तपासत असल्याने सत्ताधारी गटाला कारभार नीट ठेवणे भाग पडते. पाठ्यपुस्तकात अंतर्गत तपासणीचे काम हिशेबतपासनीस करतो. येथे ते वार्षिक सर्वसाधारण सभेत उठून प्रश्न विचारणारा सभासद करीत होता. हे राज्यशास्त्राच्या व समाजशास्त्राच्या अभ्यासकांना दिसले. व्यवस्थापनाच्या मूलतत्त्वांत त्याचा समावेश झाला नाही.

याचे व्यावहारिक परिणाम पुढे दिसले. १९९८ मध्ये साखर उद्योग परवानामुक्त झाला आणि खाजगी कारखान्यांची संख्या वाढू लागली. राज्यातील अनेक सहकारी कारखाने आजारी पडले. काही भाड्याने गेले, काही विकले गेले. या अधोगतीची कारणे सांगताना राजकारणाचे नाव प्रथम घेतले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पण चार कोडी ज्यांना नावानिशी कोणी शिकविलीच नाहीत, अशा व्यवस्थापकांच्या पिढ्या या कारखान्यांत आल्या, हेही विसरून चालणार नाही. ठेवीच्या कपातीचे प्रयोजन, समान भावाचे कारण, नोंदीच्या क्रमाचे पावित्र्य आणि विरोधी गटाचा उपयोग या गोष्टी पहिल्या पिढीने अनुभवाने जाणल्या होत्या. अनुभव वारशाने येत नाही. तो सिद्धांतरूपाने शिकवावा लागतो. फायोलने १९१६ मध्ये मांडलेला मुद्दा हाच होता.

७. सिद्धांताच्या बाहेर राहिलेला माणूस

प्रवरेच्या पद्धतीचा गौरव करताना तिची मर्यादाही सांगितली पाहिजे, एरवी हे विवेचन एकांगी होईल. तोडीचा कार्यक्रम, समान भाव व अखंड गाळप ही सर्व व्यवस्था ज्याच्या कोयत्यावर चालते, तो ऊसतोड कामगार या कारखान्याचा सभासद नाही. तो येतो बीड जिल्ह्यातून आणि याच जिल्ह्याच्या पाथर्डीसारख्या कोरडवाहू तालुक्यांतून. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यावयाची, बिऱ्हाड गाडीत घालून कारखान्याच्या परिसरात कोपीत राहावयाचे, आणि उचल फिटेपर्यंत तोड करावयाची. ‘एक कोयता’ म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. मजुरी जोडीच्या टनावर. कराराचा धागा मुकादमाशी. कारखान्याच्या कामगारपटावर त्याचे नाव नाही.

एकाच जिल्ह्याच्या उत्तरेला पाणी आणि मताचा अधिकार आले, दक्षिणेकडील टोळी मात्र हंगामापुरती पाहुणी राहिली. टेलरच्या ग्रंथातील लोखंड उचलणाऱ्या मजुराला निदान व्यवस्थापकाने मोजले तरी होते. ऊसतोड जोडीचे श्रम टनाच्या आकड्यात मोजले गेले, माणूस मोजणीबाहेरच राहिला. एका प्रकारे हरेगावच्या पद्धतीतील मजूर आणि प्रवरेच्या पद्धतीतील मजूर यांच्या स्थितीत मालकी बदलूनही मूलगामी फरक पडला नाही. सहकारात ‘सह’ कोणाचा, हा प्रश्न व्यवस्थापनशास्त्राच्या मूलतत्त्वांतला आहे, आणि तो विचारण्यासाठी नगर जिल्ह्याइतके योग्य ठिकाण दुसरे सापडणे कठीण.

८. उपसंहार

वरील इतिहासावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, व्यवस्थापनशास्त्राची तथाकथित मूलतत्त्वे ही विशिष्ट मालकीरचनेची तत्त्वे आहेत. ती शिकवावीत, पण त्यांच्या जन्माच्या परिस्थितीसह शिकवावीत. टेलर बेथलेहेमच्या संदर्भात आणि फायोल खाणीच्या संदर्भात वाचला, तर विद्यार्थ्याला ते अधिक नीट समजतात व त्यांच्या मर्यादाही कळतात.

दुसरा असा की, प्रवरेचा अनुभव हा ‘उदाहरण’ म्हणून परिशिष्टात ठेवण्याजोगा नाही. पुरवठादार हाच मालक असता संस्था कशी चालवावी, या प्रश्नाचे ते एक पद्धतशीर उत्तर आहे. दुग्धसंघ, सूतगिरण्या, पाणीवाटप संस्था व अलीकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या या सर्वांपुढे तोच प्रश्न आहे. ज्यांच्यापुढे तो उभा आहे अशा माणसांची संख्या महाराष्ट्रात मोठी आहे, आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या घरातच त्यांपैकी कोणी असण्याचा संभव आहे.

तिसरा निष्कर्ष संशोधनाविषयीचा. जिल्ह्यातील कारखान्यांची वार्षिक अहवालपत्रे, सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, लागवड-नोंदीच्या वह्या आणि तोडणी-वाहतुकीचे करार ही साधने आतापर्यंत बहुतांशी राजकारणाच्या व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनीच हाताळली आहेत. जे कारखाने बंद पडतात वा विकले जातात, त्यांची दप्तरे प्रथम गहाळ होतात. व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी प्रबंधासाठी ही दप्तरे हाती घेतली, तर एका नष्ट होत चाललेल्या ज्ञानाची नोंद होईल. गट कार्यालयातील लागवडीची नोंदवही हा व्यवस्थापनशास्त्राचा दस्तऐवज आहे, हे एकदा मान्य झाले म्हणजे तिच्यात ज्याचे नाव कधीच लिहिले गेले नाही, त्या कोयत्यावाल्याकडेही अभ्यासकाची दृष्टी जाईल.